कला केंद्र, रविवारी बंद

“बाई, फुडं बसायचं असंल तर आधी नाव द्यावं लागतं का?”

मी शाळेच्या कुलपात किल्ली घालत होते. मागं वळून बघितलं तर रंगनाथ आबा. कडक इस्त्रीचा सदरा, परीटघडीचं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा आणि कानात अत्तराचा बोळा. त्यांच्या मागं गावातली आणखी बरीच पुरुषमंडळी, आणि सगळे असे नटलेले, की वाटावं एखादी वरात रस्ता चुकून शाळेत शिरली आहे. एकानं तर गॉगल लावला होता. सकाळची शाळा भरायची वेळ, आणि उजेड म्हणावा तर ढगाळ.

मला इतका आनंद झाला की किल्ली उलटी फिरवली आणि उघडलेलं कुलूप परत लागलं.

आनंद का, ते सांगायला हवं. आमची शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. मी नवीन, आणि मुख्याध्यापक ढगे गुरुजी. गुरुजी त्या आठवड्यात सरकारच्या हुकमानं तालुक्यातल्या शेळ्या मोजत फिरत होते. त्याआधी ते मतदार मोजत होते, त्याच्याआधी संडास. वर्गातली पोरं तेवढी मोजायला त्यांना सवड मिळत नसे. ते काम माझ्याकडं होतं आणि ते पटकन व्हायचं, कारण पोरं होतीच थोडी. त्यात तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सोमवारपासून गावात येणार होती. रंगनाथ आबा म्हणजे माजी सरपंच, गावातलं मोठं घर. त्यांची तीन नातवंडं त्या गाडीत चढली की मागोमाग भावकीची सगळी पोरं चढणार हे नक्की होतं. मग उरणार ती मेंढपाळांच्या वस्तीवरची, ज्यांच्या दारात कुठलीच गाडी थांबत नाही. तेवढ्यांसाठी सरकार शाळा चालवणार नव्हतं. शाळेला कुलूप, मला कुठल्या तरी डोंगरात बदली आणि वस्तीवरच्या पोरांनी पाटी टाकून मेंढरं हाकायची.

मी आबांना जाऊन भेटलेही होते. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाले, “बाई, राग मानू नका, पण तुमच्या शाळंत हाय काय? चार भिंती आन् एक फळा.”

ते मला झोंबलं. कारण खरं होतं.

योगायोगानं त्याच सुमाराला आमचं एक प्रशिक्षण झालं. त्यात नवी पद्धत सांगितली. वर्गातल्या रांगा मोडायच्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात अध्ययन केंद्रं मांडायची. एका केंद्रात वाचन, एकात गणित, एकात विज्ञान, एकात कला. मुलांचे गट करायचे, घंटा वाजली की प्रत्येक गटानं पुढच्या केंद्रात जायचं. पडद्यावर त्यांनी एक वर्ग दाखवला. मऊ गालिचे, रंगीत उशा, गुबगुबीत पोरं. आमच्या वर्गात फरशी होती तिथं फरशी होती, नव्हती तिथं उंदराचं बीळ होतं. पण मी ठरवलं, की चार भिंती म्हणता ना आबा, मग चारी भिंतींना कामाला लावते.

आठवडाभर मी आणि पोरं राबलो. वाचन केंद्रात पोत्यांत भुस्सा भरून गाद्या केल्या. त्यांवर पहिल्याच दिवशी गावातलं एक पिवळं कुत्रं येऊन झोपलं आणि मग रोज येत राहिलं. आमच्या वाचन केंद्राचा तो सगळ्यात नियमित लाभार्थी. गणित केंद्रात मोजायला टोपलीभर चिंचोके ठेवले होते. पोरांनी मधल्या सुट्टीत मागच्या चुलीवर भाजून त्यातले निम्मे खाल्ले, आणि विचारलं तर म्हणाली, वजाबाकी केली. विज्ञान केंद्रात बरणीत एक सरडा होता. तो एके दुपारी बरणीतून निघून जो वाचन केंद्रात शिरला तो सापडलाच नाही, त्यामुळं तिथं बसून वाचणारं पोर दर ओळीनंतर गादी उचलून बघायचं.

राहिलं कला केंद्र. पोरांना मी सांगितलं, घरी कलेचं म्हणून जे काही असेल ते आणा. पोरं काय, सांगायचाच अवकाश. एकानं भजनी मंडळाची ढोलकी आणली, मंडळाला न विचारता. एकानं बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणली, बैलाला न विचारता. वस्तीवरच्या एका पोरीनं महिरपीचा आरसा आणला. आणि आबांची नात समृद्धी, तिनं आजीचं ठेवणीतलं लाल नऊवारी आणलं, चांगलं बोटभर जरीकाठाचं. मी ते दोरीवर पडद्यासारखं सोडलं, आरसा बाजूला टांगला, पुढं ढोलकी ठेवली, घुंगरमाळ खिळ्याला अडकवली आणि लांब उभी राहून बघितलं. इतकं देखणं दिसत होतं. मी चिपळूणची. आमच्याकडं असा पडदा लावला की त्याच्यामागं गणपतीचा देखावा असतो.

मग उद्घाटन ठरवलं. आमचे केंद्रप्रमुख सोनटक्के साहेब येतो म्हणाले. केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या दहा-अकरा शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. त्या शाळांच्या गठ्ठ्यालाही शिक्षण खात्यात केंद्रच म्हणतात. सरकारकडं शब्द कमी आणि खाती जास्त, त्याला कोण काय करणार. गावाला आमंत्रण द्यायला मी ग्रामपंचायतीत गेले. तिथला शिपाई लिंबाजी भोंग्यावरून दवंडी देतो. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. अध्ययन म्हणजे काय, केंद्रं कुठली कुठली, मुलांना काय फायदा. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बाई, एवढं लांबडं आयकतंय कोण. तुमी जावा, तुमची यष्टी जाईल. म्या बराबर सांगतो.”

माझी एसटी खरंच जात होती. मी गेले. माझ्या पाठीमागं लिंबाजीनं गावाला काय ऐकवलं ते मला पुढं बऱ्याच जणांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. ते असं होतं: “समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी आपल्या शाळेत कला केंद्र चालू होत आहे. नव्या बाई आलेल्या आहेत. केंद्रप्रमुख स्वतः हजर राहणार आहेत. तरी लहानथोरांनी लाभ घ्यावा.”

तर असे हे आबा दारात उभे, आणि पुढं बसायला नाव द्यावं लागतं का विचारत होते. माझा ऊर भरून आला.

“आबा, इथं पुढं-मागं काही नाही,” मी म्हटलं. “सगळ्यांना बसायला मिळतं. पाळीपाळीनं. घंटा झाली की एका गटानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं.”

“व्यवस्था चांगली हाय,” आबा मागं वळून लोकांना म्हणाले. “घंटा हाय म्हनं.” मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून, “आन् तिकीट?”

मी हसत कुलूप काढलं. म्हटलं, तिकीट कसलं, सरकारी योजना आहे, सगळं मोफत.

सरकारी म्हटल्यावर मागच्या गॉगलवाल्यानं गॉगल काढला आणि डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं की काही म्हणा, ह्या सरकारला गरिबाची जाण आहे. आबांनी विचारलं, रोज चालणार का? मी म्हटलं रोज, फक्त रविवारी बंद. दिवसाच का? दिवसाच, पाचला सुटतं. आबांना तेही पसंत पडलं. म्हणाले, बरं झालं, रातच्याला माणूस घरी जेवायला असतो.

“आन् बाया किती हायेत?”

“सध्या मी एकटीच. आणखी एक मागितलीय वरून, पण देतील तेव्हा खरं.”

आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. सुती कुडता, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला शबनम आणि तिच्यातून डोकावणारा खडूचा डबा.

“तुमी?”

“मीच. सगळं मीच करते. गाणी म्हणायची तीसुद्धा मीच.”

“आन् नाच?”

“लागला तर तोही करायचा. आपल्या कामात लाजून भागत नाही, आबा.”

आबांनी मान खाली घातली. बराच वेळ ते माझ्या चपलांकडं बघत राहिले. मग फार मायेनं म्हणाले, “शिकल्या-सवरल्या घरची लेक. काय येळ आली.” मला वाटलं माझ्या शिक्षणसेवकाच्या तुटपुंज्या पगाराबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, सवय झालीय आता.

त्यावर आबा जे बोलले ते ऐकायला मी महिनाभर आसुसले होते. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “बाई, ह्यो रंगनाथ जित्ता हाय तवर ही शाळा बंद पडत न्हाई. काय लागंल ते सांगा. सतरंज्या म्या देतो.”

मी म्हटलं, मग नातवंडं इथंच राहणार ना? आबा म्हणाले, राहतील की. मी म्हटलं, मग त्यांनाही रोज कला केंद्रात बसवीन, समृद्धीला तर फार गोडी आहे.

आबांच्या कपाळाला आठी पडली. “नातवंडांना कशापायी?”

“अहो, त्यांच्यासाठीच तर सगळं आहे.”

आबा काही विचारणार, तेवढ्यात शाळेच्या फाटकातून बायका आल्या. खुरपणीला निघालेल्या बायका, पदर खोचलेले, हातात खुरपी. सगळ्यांच्या पुढं आबांच्या मालकीणबाई गोजराबाई. उंची माझ्या खांद्याएवढी, पण त्यांना येताना बघून पुरुषांनी आपोआप वाट केली. गॉगलवाल्यानं गॉगल परत लावला.

गोजराबाई आबांच्या फेट्याकडं बघून थांबल्या. मग माझ्याकडं वळल्या.

“हायवेवरचं कला केंद्र कमी पडलं व्हय गं बाई, म्हून लेकरांच्या शाळंत काढलं?”

एवढ्या एका वाक्यात माझं त्या भागाबद्दलचं सगळं अज्ञान संपलं. आमच्याकडं कला केंद्र म्हणजे सुट्टीत चित्रं काढायला जायची जागा. इकडं कला केंद्र म्हणजे हायवेला लागून असलेलं पत्र्याचं थेटर, जिथं ढोलकी-पेटीवर बैठकीच्या लावण्या होतात, बायका नाचतात आणि समोर फेटेवाले बसून दाद देतात. असल्या थेटरांच्या ‘कला केंद्र’ अशा पाट्या हायवेवरून येताना एसटीतून मी रोज बघत होते आणि मला वाटायचं की या भागात चित्रकलेची काय आवड आहे. आता एका क्षणात आबांना दिलेली माझी सगळी उत्तरं मला एकेक करून ऐकू यायला लागली. पाळीपाळीनं बसायचं. मी एकटीच आहे. लागला तर नाचही करायचा. मी दाराची चौकट धरली.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, आणि नेमके तेव्हाच स्कूटरवरून सोनटक्के साहेब आले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. एवढी गर्दी बघून त्यांना वाटलं आपल्या स्वागताला जमलीय. त्यांनी स्कूटरवरूनच दोन्ही हात जोडले, त्यामुळं स्कूटर कुंपणाला टेकली.

“तुमीच का केंद्रप्रमुख?” गोजराबाई.

“मीच,” साहेब प्रसन्न हसून म्हणाले.

“लाज न्हाई वाटत?”

“लाजायचं काय त्यात, मावशी. उभा जन्म ह्या लाइनीत गेला.”

मी मधे पडले. म्हटलं, सर, थोडा गोंधळ झालाय. साहेबांनी हात वर केला. “थांबा नार्वेकरबाई. लोकांशी बोलणं माझ्यावर सोडा.” आणि ते लोकांशी बोलले. गोजराबाईंनी विचारलं, किती केंद्रं चालवता? ते म्हणाले, केंद्र एकच, पण त्याच्याखाली अकरा चालतात. अकरा ऐकून बायकांच्या घोळक्यातून एक सुस्कारा निघाला. पुरुषांच्या घोळक्यातूनही निघाला, पण तो वेगळा होता.

“आन् त्यात बाया किती?”

“बायाच जास्त. पुरुष येतात कुठं आता या क्षेत्रात? फक्त नवीन आलेल्यांना जरा तयार करावं लागतं. ह्या नार्वेकरबाईंचंच बघा. आल्या तेव्हा चार माणसांसमोर उभं राहायला लाजत होत्या. आता नुसतं बघत राहावं.”

“आन् लेकरं?” गोजराबाईंचा आवाज चढला. “लेकरांना बसवणार हे बघायला?”

“मावशी, लहानपणी गोडी लागली की माणूस जन्मभर सोडत नाही,” साहेब म्हणाले.

गोजराबाईंनी आबांकडं बघितलं. “ते ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या आणि खुरपं वर केलं.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच शाळेत इतक्या वेगानं प्रवेश केला असेल. बायका त्यांच्या मागं, मी बायकांच्या मागं. वर्गात पोरं मागच्या दारानं केव्हाच येऊन आपापल्या केंद्रांत बसली होती. कारण मी त्यांना शिकवलं होतं की कोणी येवो न येवो, आपलं काम चालू ठेवायचं. बायका दारात थबकल्या. समोर लाल जरीचा पडदा, बाजूला आरसा, खिळ्याला घुंगरं, पुढं ढोलकी. कुणाच्या मनात शंका असलीच तर ती फिटली.

“माझं लुगडं,” गोजराबाई म्हणाल्या.

पडदा हलला. त्यामागून समृद्धी बाहेर आली, दोन्ही गालांवर हिरवी फुलं उमटलेली. “आजी, तू आलीस? माझं कला केंद्र बघ ना,” असं म्हणून तिनं पडदा सरकवला. आत पोरं बसली होती. कुणाच्या हातात भेंडी, कुणाच्या हातात कापलेला बटाटा, समोर रंगाच्या वाट्या. कागदावर भेंडीचे ठसे. भिंतीवर भेंडीचे ठसे. वाचन केंद्रातल्या कुत्र्याच्या पाठीवर भेंडीचे ठसे. वस्तीवरच्या एका पोरानं भेंडी संपल्यामुळं स्वतःचं नाक रंगात बुडवलं होतं आणि त्याचे ठसे फार सुबक आले होते.

मग मागची एक बाई खुदकन हसली, आणि मग सगळ्या. हसत हसत भिंतीला टेकल्या, खाली बसल्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत सुटल्या. साहेबांना आता कुठं उलगडा झाला. ते भुश्शाच्या गादीवर जाऊन बसले, हातात तुळशीची माळ घेतली आणि स्वतःशीच म्हणाले, “मी अकरा म्हणालो.”

पण बाहेर कुणी हसत नव्हतं. आबांनी खिडकीतून सगळं बघितलं होतं. गावासमोर फेटा बांधून, अत्तर लावून यायचं आणि भेंडी बघून परत जायचं, हे माजी सरपंचाला परवडणारं नव्हतं. लाजेला माणूस बाहेरून राग लावतो. खिडकीच्या गजांना धरून ते ओरडले, “ही फसवणूक हाय. ह्या असल्या शाळंत माझी पोरं एक दिवस बसणार न्हाईत. सोमवारी तिन्हीच्या तिन्ही पिवळ्या गाडीत.” मागून भावकीतले दोघं-तिघं म्हणाले, आमची पण.

महिनाभर जे वाचवायला धडपडत होते ते मी स्वतःच्या तोंडानं, एका सकाळीत, सतरंज्यांसकट मिळवलं होतं आणि घालवलं होतं. वस्तीवरचं ते नाक रंगवलेलं पोर माझ्याकडं बघून विचारत होतं, बाई, घंटा कधी?

बायकाही उठायला लागल्या. हसून झालं होतं, खुरपणी तशीच पडली होती. उठल्या नाहीत त्या फक्त गोजराबाई. त्या पडद्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि आरशात बघत होत्या. मी शेजारी जाऊन टेकले. म्हटलं, आजी, चूक झाली माझी, मला माहीत नव्हतं. तुम्ही बंद पाडायला आलात ते बरोबरच होतं.

“बंद पाडायला न्हवते आले,” त्या हळूच म्हणाल्या.

“मग?”

त्यांनी आधी मागं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. सगळ्याच ऐकत होत्या.

“लगीन होऊन आले तवापास्नं आयकतीय गं. कला केंद्र, कला केंद्र. ह्यांचं एक पाऊल घरात आन् एक तिथं. मला वाटायचं, असं काय असंल तिथं? काय बघत असतील? पर बाईमाणसाला दारात बी उभं करत न्हाईत. काल लिंबाजी बोलला शाळंत हाय, लहानथोरांनी या. म्हनलं, शाळंत तर कुनी बाईला आडवत न्हाई. पर एकटी कशी येऊ? म्हून समद्यांना म्हनलं, चला, बंद पाडू.” त्या थांबल्या. “आन् निघालं काय, तर भेंडी.”

आता कुणी हसलं नाही. बायका होत्या तिथं परत बसल्या.

प्रशिक्षणात मला एक वाक्य शिकवलं होतं, की शिकणाऱ्याची ओढ जिकडं, तिकडून सुरुवात करा. ते वाक्य मला तोवर कधी नीट कळलंच नव्हतं. मी उठले. साहेबांना म्हटलं, सर, एक काम करा, बाहेर जा आणि दार धरून उभे राहा. पुरुष एकही आत येता कामा नये. साहेब म्हणाले, “म्हणजे मीही बाहेर?” मी म्हटलं, तुम्हीसुद्धा. ते गेले. मी खिडक्या लावून घेतल्या आणि घंटा वाजवली.

“पहिला गट,” मी म्हटलं, “कला केंद्र.”

समृद्धीच्या आईनं, म्हणजे गोजराबाईंच्या सुनेनं, पुढं होऊन ढोलकी मांडीवर घेतली. त्या घरात ही सून मान वर करून बोललेली कुणी बघितली नव्हती. तिनं ढोलकीवर अशी थाप मारली, की कुत्रं गादीवरून उडालं आणि कौलातून धूळ पडली. सासूनं सुनेकडं बघितलं. “कुठं शिकलीस गं?” सून म्हणाली, “माहेरी. भजनात. तुमी कधी इचारलंच न्हाई.”

पोरांनी घुंगरमाळ आणली. ती होती बैलाच्या गळ्यातली, बोराएवढ्या घुंगरांची. गोजराबाईंच्या पायाला तिचे दोन वेढे बसले आणि त्यांनी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा शर्यतीचा छकडा अंगावर यावा तसा आवाज झाला. गाणं त्यांना अर्धंच येत होतं. जत्रेच्या दिवसांत वाऱ्यावर ऐकू यायचं तेवढंच. उरलेलं अर्धं त्यांनी घरचं घातलं.

“फेटा बांधलाय वाकडा गं,
म्हातारा दिसतोय फाकडा.
घरी म्हणतो गुडघा दुखं,
केंद्राला पळतो माकडा.”

पुढच्या कडव्यात सुनेनं गॉगलवाल्याला घेतलं. त्याच्या पुढच्यात गॉगलवाल्याच्या बायकोनंच त्याला घेतलं, आणि ते कडवं मी इथं सांगत नाही. पोरांना तर शाळा इतकी कधीच आवडली नव्हती. मी घंटा वाजवायचे आणि गट फिरायचे, बायकांसकट. गणित केंद्रात बायका ढोलकीचा ठेका चिंचोक्यांनी मोजायला लागल्या आणि पोरं त्यांना चुका दाखवायला लागली. विज्ञान केंद्रात एकीनं बरणी उचलून विचारलं, ह्यात काय असतं? पोरं म्हणाली, सरडा असतो, पण तो सध्या बाहेर आहे. त्यावर सगळा गट बाकावर चढला. आणि माझी पाळी आली तेव्हा मला सुटका नव्हती. चष्मा सावरत, खडूच्या डब्यासकट शबनम खांद्यावरून लोंबकळत, मी चिपळूणची बाई त्या लाल पडद्यासमोर जी नाचले, ते साहेबांनी दाराच्या फटीतून बघितलं, आणि त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात ‘कृतियुक्त अध्यापन: अत्युत्कृष्ट’ असा शेरा आला.

शेवटची घंटा झाली आणि मी दार उघडलं. पुरुष एकही गेला नव्हता. सगळे व्हरांड्यात उन्हात उभे होते, कारण मधे ऊन पडलं होतं, आणि खिडकीच्या फटीजवळची जागा आबांनी सगळ्यात आधी पकडली होती. त्यांचा फेटा गजांना घासून खरंच वाकडा झाला होता.

गोजराबाई बाहेर आल्या. केस सुटलेले, श्वास चढलेला, लुगड्यावर भेंडीची दोन फुलं, घुंगरमाळ हातात. आबा जरा पुढं झाले. घसा खाकरला. मघाचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

“आता आमाला बी सोडा की आत,” ते म्हणाले. “वाईच बसतो.”

“पन्नास वर्सं तुमी आतच हुता,” गोजराबाई म्हणाल्या. “आता भाईर ऱ्हावा जरा.” आणि दारात उभ्या असलेल्या समृद्धीच्या गालावरचा रंग पदरानं पुसायला लागल्या.

आबांनी मागं भावकीकडं बघितलं. भावकी आपापल्या बायकांकडं बघत होती. बायका आबांकडं. आबा म्हणाले, “आन् सोमवारची गाडी? तिला सांगून ठिवलंय म्या.”

“यिऊ द्या की,” गोजराबाई म्हणाल्या. “तुमी बसा तिच्यात.”